मशीन चालू आहे ना?

आमच्या केंद्रातून निघणाऱ्या माणसाला 'या परत' म्हणायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण नवीन कोणी टेबलावर बसलं की आधी हेच शिकवतात. सवयीने तोंडून निघून जातं हो. दारातून बाहेर पडणाऱ्याला आपण दुसरं काय म्हणणार? पण कमोडची खुर्ची किंवा वॉटरबेड घेऊन चाललेल्या माणसाला 'या हं परत' म्हटलं की त्याचा चेहरा बघवत नाही. म्हणून आम्ही नुसतं 'बरं' म्हणतो. कोणी 'येतो' म्हणालं तरी 'बरं'.

केंद्र म्हणजे घाटकोपर पूर्वेला एका मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावरची खोली. रुग्णाला लागणारं सामान आम्ही वापरायला देतो. वॉकर, व्हीलचेअर, डोकं वर करायचा दांडा असलेली लोखंडी कॉट, ऑक्सिजनचं मशीन. अनामत ठेवायची, करारावर सही करायची, काम झालं की सामान पुसून परत आणायचं. आईची व्हीलचेअर परत करायला मी इथे आले होते, तेव्हा मंडळाचे सचिव म्हणाले, "रिटायर झालाच आहात, बसा ना थोडे दिवस टेबलावर." थोडे दिवस! माझे गुडघे आता स्वतःच वॉकर मागायच्या बेताला आलेत, तरी मी आपली बसलेलीच.

कंटाळा आलाय, हे सरळ सांगते. लोकांना वाटतं समाजसेवा केली की समाधान मिळतं. कसलं डोंबलाचं समाधान! करार तीन महिन्यांचा असतो. मुदत संपते, सामान येत नाही. आमच्या वॉकरवर टॉवेल वाळत घातलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. एका घरात व्हीलचेअरवर लोणच्याच्या बरण्या होत्या, कारण 'ढकलायला सोपं पडतं'. एकाने खुर्ची परत आणली ती गावच्या जत्रेला नेऊन आणलेली, चाकांत चिखल आणि सीटवर गुलाल. आणि वर म्हणतो कसा, फार काही वापरली नाही हो. मी ती फडक्याने पुसत बसले होते आणि तो मोटरसायकलला किक मारून गेलासुद्धा.

घेताना मात्र सगळे हळू आवाजात तोच प्रश्न विचारतात. "ह्या कॉटवर कोणी गेलं तर नाही ना?" काय सांगायचं? आमच्याकडे कॉट येतात त्या काय हॉटेलातून येतात? पण मी म्हणते, "तुमच्या पेशंटला आराम पडेल, न्या." हे उत्तर माझं नाही, माझ्या आधी टेबलावर बसायच्या त्या बाईंचं आहे. त्या गेल्या, उत्तर मला देऊन गेल्या.

पण सगळ्यांत नकोसं काम फोनचं. मुदत संपली की फोन करून विचारावं लागतं, मुदत वाढवायची की सामान परत आणता. आता हे विचारायचं कसं? 'अजून लागतंय का' म्हटलं तरी त्याचा अर्थ समोरच्याला कळतोच. एकदा सचिवांनी असंच विचारलं, तर तिकडून मुलगा भडकला, "म्हणजे काय? आमचे वडील जायची वाट बघताय का तुम्ही?" सचिव बिचारे पार कोलमडले. तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. माणसाचं विचारायचं नाही, सामानाचं विचारायचं. कॉट ठीक आहे ना? मशीन चालू आहे ना? ज्यांच्या घरी तसं काही झालेलं असतं ते आपणहून सांगतात, ताई, घेऊन जा आता. बाकीचे म्हणतात, हो, चालू आहे. मग आम्ही मुदत वाढवून टाकतो. झकास पद्धत आहे, असं मीच सगळ्यांना सांगायचे.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर गोवंडीची एक मुलगी आली. एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम करायची. वडील पालिकेतून रिटायर झालेले, फुफ्फुसं कामातून गेलेली. त्या भागातल्या कचरा डेपोच्या धुराचं मी वेगळं काय सांगू. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधाने होण्यासारखं आता फार काही उरलेलं नाही, घरी न्या, माणसांत ठेवा. फक्त घरी ऑक्सिजनचं मशीन आहे असं दाखवल्याशिवाय सोडता येणार नाही.

"पप्पा रोज विचारतात मॅडम, आज नेणार का. आता तर जेवायचंच बंद केलंय. म्हणतात, घरी नेशील तेव्हा जेवेन."

आमच्याकडे चालणारी मशीनं दोनच, आणि दोन्ही बाहेर. तिसरं होतं, पण ते पोटमाळ्याखाली भंगारात. कोरोनात कोणीतरी देणगी दिलेलं. प्लग लावला की नुसतं बोंबलतं, नळीतून हवा काही येत नाही. मेकॅनिकने बघून हात जोडले होते.

मी बसते त्या प्रत्येक दिवशी ती मुलगी यायची. "जय भीम मॅडम. आलं का?" नाही म्हटलं की रागवायची नाही, भांडायची नाही, बाकावर जरा वेळ टेकायची आणि मग हॉस्पिटलात जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला मी चांगली पुरून उरते.

शेवटी मी दोन्ही करार काढून बसले. एक मशीन मुलुंडला होतं, तिथली बाई दिवसरात्र त्याच्यावरच, तो विषयच नको. दुसरं इथेच, पंतनगरला. साठीचा माणूस, दम्याने बेजार, घरात बायको आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. मुदत संपली तेव्हा मीच फोन केला होता. "मशीन चालू आहे ना?" "हो ताई, चालू आहे." फोनवर त्यांची बायको होती, मागे मशीनची घरघर ऐकूसुद्धा आली होती. पण आता आठवलं, आधीच्या फोनवर घरघरीबरोबर त्या गृहस्थांचा खोकलाही ऐकू यायचा, या वेळी तो नव्हता. मला वाटलं, बरे होत असतील. बरे असतील तर थोडे दिवस मशीन सोडतील, विचारायला काय हरकत आहे? मुलीला म्हटलं, चल माझ्याबरोबर, मिळालं तर उचलायला कोणीतरी हवंच. रिक्षा केली आणि भर दुपारी गेलो.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. माझ्याहून थोडी लहान. कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. बाहेरच्या खोलीत कॉट होती. चादर ताणून घातलेली, पायथ्याशी ब्लँकेटची घडी, आणि वर कोणी नाही. शेजारी आमचं मशीन चालू. घर्र घर्र, मधूनच फुस्स. नाकात घालायची नळी गुंडाळून खिळ्याला लावलेली.

आणि मी काय विचारावं? मशीन समोर डरकाळ्या फोडतंय, आणि मी म्हणते, "मशीन चालू आहे ना?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता, तिकडे बघितलं आणि आम्हाला जिन्यात घेऊन गेली. तिथे पायरीवर बसून तिने सांगितलं. नवरा गणपतीच्या आधीच गेला. दम वाढला म्हणून हॉस्पिटलात नेलं, तिथेच गेला, तिथूनच स्मशानात नेलं. दिवस तिच्या भावाच्या घरी केले. आत पडलेल्या सासूला सांगितलेलं नाही.

"आईंचा धाकटा मुलगा आधीच गेलाय ताई, अपघातात. तेव्हा त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या. ह्यांना पोचवून घरी आले तर आतून हाक मारली, आला का गं तो घरी? हो म्हणवेना, नाही म्हणवेना. समोर मशीन होतं. मी बटण दाबलं."

मशीन सुरू झालं आणि म्हातारीने आतून म्हटलं, आला वाटतं. झालं. त्या दिवसापासून मशीन चालू. सासूला सांगितलंय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, बोललं की धाप लागते. म्हातारीला उठवत नाही, त्यामुळे ती बाहेर येत नाही. इमारतीत सगळ्यांना माहीत, सगळे सामील. सांत्वनाला येणाऱ्या बायकाही ह्या जिन्यातच रडून जातात.

"रोज ठरवते, आज सांगते. मग आंघोळ झाली की टिकली लावते आणि चहा घेऊन आत जाते. लोक काय म्हणत असतील ते म्हणोत."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, दयाबिया नंतर, आधी रागच आला. तिकडे एक माणूस ह्या मशीनवाचून हॉस्पिटलात अडकून उपाशी पडलाय आणि इथे ते रिकाम्या कॉटशेजारी घुमतंय! मी म्हटलं, "अहो, असं कसं केलंत? मी फोन केला तेव्हा तरी सांगायचं!"

"आई ऐकत होत्या ताई. आणि तुम्ही ह्यांचं विचारलंच नाहीत. मशीनचं विचारलंत. ते चालूच होतं."

माझी झकास पद्धत! मी जिन्यातल्या जाळीला टेकले.

मग तिची नजर मुलीकडे गेली. ही कोण, म्हणून विचारलं. मुलीने तिच्या त्या शांत आवाजात सगळं सांगितलं, पप्पा, हॉस्पिटल, जेवण. ऐकता ऐकता ती बाई उठलीच. "अगं बाई! मग न्या ना. आत्ताच न्या. देवा रे, माझ्यामुळे कोणाचा बाप..." आणि तशीच आत जाऊन तिने बटण बंद केलं.

खोली एकदम गप्प झाली. इतकी, की खालच्या भंगारवाल्याची हाक स्पष्ट ऐकू आली. आणि लगेच पडद्यामागून आवाज आला. बारीक, पण घाबरा.

"बंद का झालं गं?"

"लाइट गेलीय आई."

"पंखा फिरतोय की माझा."

सून तशीच उभी, हात बटणापासून जरा लांब. आतून पुन्हा, "अगं, बंद का झालं? त्याला श्वास..." आणि म्हातारीच्या पलंगाची करकर. ती उठायला बघत होती. मी पुढे होणार तेवढ्यात त्या गोवंडीच्या मुलीने वाकून बटण दाबलं. घर्र घर्र पुन्हा सुरू झालं. आतली करकर थांबली.

मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "राहू दे मॅडम. मी दुसरीकडे बघते."

"तू गप्प बस," तिला जिन्यात ओढत मी म्हटलं. "म्हणे दुसरीकडे बघते! बाप तिकडे उपाशी, आणि ही कर्णाचा अवतार." डोळ्यांत पाणी आलं की माझा आवाज असा चढतो, त्याला माझा इलाज नाही. आणि त्या चढलेल्या आवाजातच मला ते भंगारातलं मशीन आठवलं. नुसतं बोंबलतं ते. इथे तेवढंच तर हवं होतं!

खालची रिक्षा अजून होती. तशीच केंद्रात परत गेलो. वाटेत सचिवांना फोन केला, तर ते वैतागले. "अहो, नादुरुस्त सामान द्यायचं नाही असा नियम आहे आपला. आणि करार कोणाच्या नावाने करणार? पेशंट कोण?" मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला. पोटमाळ्याखालून ते धूड ओढून काढलं. नळी आणि पाण्याची बाटली काढून टाकली, उगाच कोणी नाकाला लावायला नको. वर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं, यातून ऑक्सिजन येत नाही. मुलीने फडक्याने धूळ पुसली. इतकं मन लावून पुसत होती, मला म्हणावंसं वाटलं, अगं, हे तुला न्यायचं नाहीये.

परत गेल्यावर आधी भंगारातलं लावलं आणि मग चांगलं बंद केलं. मधे एक क्षणही शांतता पडू दिली नाही. मुलगी चांगलं मशीन घेऊन सावकाश जिना उतरली, सून तिला खालपर्यंत पोचवून आली. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी घरी आले, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. आल्या आल्या बोंबलाची चटणी आणि भाकरी मागितली म्हणे.

मी मागे थांबले ते करारासाठी. कॉटच्या कडेवर बसून लिहायला घेतलं. साहित्य: ऑक्सिजन मशीन. स्थिती: नादुरुस्त, फक्त आवाज. आजवर असं मी कधी लिहिलं नव्हतं. मग आलं, रुग्णाचं नाव. पेन तिथेच थांबलं. सून म्हणाली, ह्यांचं कसं लिहिणार? मी पडद्याकडे बघितलं आणि तिला विचारलं, "आईंचं पूर्ण नाव काय?" तिने सांगितलं, मी लिहिलं. मशीन कोणासाठी चाललंय ते तर आम्हा दोघींना माहीतच होतं.

तेवढ्यात आतून हाक आली. "आवाज बदलला गं त्याचा."

सुनेने माझा दंड घट्ट धरला. "दुसरं मशीन आणलंय आई. आधीच्यापेक्षा चांगलं आहे. केंद्रातल्या ताई घेऊन आल्यात."

"कोण बाई? आत पाठव की त्यांना."

जायचं नव्हतं मला. खरंच नव्हतं जायचं. मी वॉकर देणारी बाई, मला असलं नाटक येत नाही. पण गेले. पलंगावर एवढीशी म्हातारी, केसांची बारीक वेणी, उशाशी पाण्याचं भांडं. पडद्याकडे तोंड करून कुशीवर झोपली होती. मी बाजूच्या स्टुलावर बसले तर तिने हात पुढे केला. मी तो हातात घेतला.

"तुमचं का मशीन?"

"हो आजी. मंडळाचं."

"म्हणजे परत न्याल."

मी रोज प्रत्येकाला दरडावून सांगते, हे आपलं नाही, मुदत संपली की परत आणायचं. मोठ्याने सांगते, दोनदा सांगते. तेच आज ती मला सांगत होती. मी म्हटलं, "घाई नाही आजी. तुम्हाला लागेल तोवर राहू दे."

"नाही, तसं नको," ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू आहे. कोणी अडलेलं असेल." मग माझा हात जरा जवळ ओढून, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "लवकर नेता येईल बघा तुम्हाला. बरा होतोय तो आता. खोकला पार थांबलाय."

मी बाहेर आले. सून करार हातात धरून उभी होती, सही करून झाली होती. परत करण्याची तारीख, तेवढा एकच रकाना राहिला होता. "इथे काय लिहू ताई?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "राहू दे."